गोलमेजावरचे नाईट्स आणि पोरांचं इंग्रजी : शब्द घोकण्यापेक्षा हे बरं पडतं का?

शिकवणीवाली :

मी आठवी-नववीच्या सेमी इंग्लिशच्या मुलांची घरी शिकवणी घेते. शब्दसंग्रह म्हणजे आमच्याकडे कायमचं रडगाणं, धड्यामागचे शब्द पोरं घोकतात, चाचणीत उतरवतात आणि पुढच्या आठवड्यात विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मध्यंतरी त्यांची इतिहासात गोलमेज परिषद चालू होती तेव्हा एकाने विचारलं, मॅडम टेबल खरंच गोल होतं का, आणि गोलच कशाला? आता १९३० सालच्या लंडनमधलं टेबल राहू दे बाजूला, पण ही कल्पना कुठली ते सांगायला मला थेट इंग्रजांच्या दंतकथेतल्या आर्थर राजापर्यंत मागे जावं लागलं. वेस नावाच्या कवीने ११५५ च्या सुमारास फ्रेंचमध्ये आर्थरची कथा लिहिली, त्यात हे गोल टेबल पहिल्यांदा येतं. कारण काय, तर प्रत्येक सरदाराला वाटायचं मीच सगळ्यात थोर, मग वरच्या जागेवर कुणी बसायचं यावरून भांडणं नकोत म्हणून टेबलच असं केलं की त्याला वरची जागाच नाही. लग्नातली मानापानाची भांडणं सगळ्यांनी बघितलेली असतात त्यामुळे पोरांना हे लगेच पटलं आणि तेव्हापासून दर शनिवारी शेवटचा अर्धा तास नाईट्सचा, म्हणजे आर्थरच्या त्या घोडेस्वार सरदारांचा.

पद्धत साधी आहे. गोष्ट मराठीत सांगायची पण जिथे वार पडतो तिथे शब्द इंग्रजी. उदाहरण देते. चौदाव्या शतकाच्या शेवटी कुणीतरी (कवीचं नावच माहीत नाही, हस्तलिखितही एकच उरलंय) आर्थरच्या गवेन नावाच्या नाईटची गोष्ट लिहिली. नव्या वर्षाची मेजवानी चालू असताना आर्थरच्या दरबारात एक अख्खा हिरवा माणूस हिरव्या घोड्यावर बसून आत येतो, हातात कुऱ्हाड, आणि म्हणतो तुमच्यातल्या कुणीही मला एक घाव घालावा, मात्र एक वर्ष आणि एक दिवसाने मी त्याला परत घालणार. हे चॅलेंज. गवेन उठतो, एका घावात मुंडकं उडवतो, आणि तो हिरवा शांतपणे आपलं मुंडकं उचलून घोड्यावर बसतो, मुंडकं बोलतं की ठरल्याप्रमाणे ये. हे प्लेज, दिलेला शब्द.

वर्षभराने गवेन निघतो, वाटेत एका गढीत उतरतो, तिथली मालकीण त्याला एक हिरवा पट्टा देते, हा बांधला की तुला कुणी मारू शकत नाही म्हणते. गर्डल. गढीच्या मालकाशी त्याचा करार असतो की दिवसभरात जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचं. गवेन बाकी सगळं देतो पण पट्टा लपवतो. मग हिरव्याकडे जाऊन मान वाकवतो. पहिल्या वेळी कुऱ्हाड येताना बघून गवेन अंग चोरतो, तो फ्लिंच. हिरवा हात आवरतो आणि त्याला टोमणे मारतो. दुसऱ्या वेळी गवेन दगडासारखा स्थिर, पण हिरवा नुसती हूल देतो, ती फेंट. तिसऱ्या वेळी कुऱ्हाड खाली येते आणि मानेला फक्त ओरखडा, तो निक, आणि तो ओरखडा त्या लपवलेल्या पट्ट्याबद्दल. कारण हिरवा माणूस म्हणजे तोच गढीचा मालक!

फ्लिंच, फेंट, निक. हे तीन शब्द आमच्यात आता कुणी विसरत नाही. निक तर क्रिकेटच्या कॉमेंट्रीतली, ती त्यांना आधीच माहीत होती फक्त माहीत आहे हे माहीत नव्हतं. कबड्डीत हूल दिली की ओरडतात "फेंट फेंट". (उच्चार चक्कर येऊन पडण्याच्या शब्दासारखाच आहे, स्पेलिंग वेगळं, तेवढं दोनदा लिहून घेतलं.)

माझं म्हणणं एवढंच की शब्दांची यादी बनवून गोष्ट शोधायला जाऊ नये, गोष्टीत जो क्षण श्वास रोखायला लावतो तिथलाच शब्द उचलावा आणि बाकीचे खुशाल सोडून द्यावेत. इथे कुणी असं काही केलंय का? आणि पुढच्या गोष्टी कुठल्या घेऊ?

दुपारचा_चहा :

मस्त धागा ताई! माझं निम्मं इंग्रजी एज ऑफ एम्पायर्स टू या कॉम्प्युटर गेममधून आलंय, खोटं नाही सांगत. तबेल्यात नाईट बनवायचा, तो अपग्रेड होऊन कॅव्हेलियर, मग पॅलाडिन. तलवारवाल्यांच्या शेवटी चॅम्पियन. ट्रेबुशे (किल्ल्यावर दगड फेकायचं यंत्र) म्हणजे काय हे मला दहावीत माहीत होतं आणि ट्रॅजेडी म्हणजे काय ते नव्हतं 😂 पॅलाडिन हा शब्द कुठून आला ते मात्र आजतागायत शोधलं नाही.

पानगळ :

@दुपारचा_चहा, पॅलाडिन आणि पॅलेस एकाच घरातले. लॅटिनमध्ये पॅलाटिनस म्हणजे राजवाड्यातला माणूस. शार्लमेन राजाचे जे खास बारा वीर गोष्टींमध्ये येतात ते पॅलाडिन, त्यातला रोलां सगळ्यात प्रसिद्ध. ७७८ साली पिरेनीज डोंगरात राँसव्होच्या खिंडीत शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी कापली गेली ही खरी घटना, आणि त्यावर तीनेकशे वर्षांनी फ्रेंच महाकाव्य झालं. रोलां मदतीसाठी शिंग फुंकायला आधी नकार देतो आणि फुंकतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. खिंड, पिछाडी सांभाळणारे मूठभर लोक, हे आपल्या पोरांना वेगळं समजवावं लागणार नाही. रिअरगार्ड, अँबुश, होल्ड आउट, एवढे तीन घ्या त्यातून.

आणि तुमच्या चॅम्पियनचा मूळ अर्थ कप जिंकणारा नव्हे, दुसऱ्याच्या वतीने मैदानात उतरून लढणारा. म्हातारा माणूस, बाई, मठ, ज्यांना स्वतः द्वंद्व करता येत नाही त्यांच्यासाठी लढायचा तो. म्हणून अजून इंग्रजी पेपरात एखाद्या विषयाची बाजू लावून धरणाऱ्याला चॅम्पियन म्हणतात. पोरं तिथे हमखास अडकतात, शर्यत कुठली जिंकली असं विचारतात.

हिशेबनीस :

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मी इंग्रजी शिकवतो. त्यांच्याकडे वेळ नसतो. हिरवा माणूस येणार, मुंडकं उडणार, वर्ष जाणार आणि शेवटी हातात किती शब्द, तर सात-आठ. तेवढ्या वेळात यादीतून चाळीस होतात. शिवाय या गोष्टींमधले निम्मे शब्द मेलेले असतात, हॉबर्क, ग्रीव्ह, पॉल्ड्रन, चिलखताच्या एकेका तुकड्याला नाव, ते लक्षात ठेवून कुठल्या ऑफिसात अर्ज लिहायचाय? गोष्ट छान असते हे मान्य पण छान वाटणं म्हणजे शिकणं नव्हे.

शिकवणीवाली :

हिशेबनीस, राग कसला, हा प्रश्न मलाही पालकांनी विचारलाय. चिलखताचे तुकडे मी सांगतच नाही. चिलखत म्हणलं की झालं, आपल्याकडे चिलखत, ढाल, भाला, रिकीब सगळं आहे, तिथे इंग्रजीची गरजच नाही. मी चिलखतातला फक्त एक शब्द घेते, गॉन्टलेट, लोखंडी हातमोजा, कारण तो जमिनीवर फेकला की आव्हान आणि समोरच्याने उचलला की मान्य. आजच्या बातम्यांत रोज कुणीतरी कुणासमोर गॉन्टलेट टाकत असतो. आणि चिंक इन द आर्मर, चिलखतातली फट. म्हणजे कसोटी अशी की हा शब्द आजच्या पेपरात सापडतो का? सापडला तर वहीत, नाहीतर गोष्टीतच राहू दे.

चाळीस शब्दांबद्दल मात्र मला खरंच जाणून घ्यायचंय, पुढच्या महिन्यात त्यातले किती उरतात? आणि उरलेल्यातले किती पोरं स्वतःच्या वाक्यात वापरतात?

हिशेबनीस :

वापरत नाहीत. पण पेपरात पर्याय बरोबर निवडतात आणि त्यांना तेवढंच हवं असतं.

टाकाऊ_टिकाऊ :

दोघांचंही बरोबर आहे, पोरं वेगळी आहेत, परीक्षा वेगळ्या आहेत. जीआरईच्या (परदेशात शिकायला जाण्यासाठीची परीक्षा) यादीत मला एकोलेड भेटला होता, अर्थ गौरव, पाठ केला, विसरला. नंतर कळलं की गुडघे टेकून बसलेल्याला राजा नाईट करतो तेव्हाचा तो विधी म्हणजे एकोलेड, लॅटिनमध्ये कॉलम म्हणजे मान, मूळ अर्थ गळाभेट, पुढे खांद्यावर तलवार टेकवणं आलं. शर्टाची कॉलर पण तीच मान. त्यानंतर विसरायची सोयच राहिली नाही. त्याच विधीला डबिंग म्हणतात पण साउथचे डब केलेले सिनेमे त्यातले नव्हेत बरं का, तो डब डबल वरून आला.

मैनेकाठी :

फ्रँकफुर्टहून लिहितोय. इथे नाईटला रिटर म्हणतात, म्हणजे सरळ घोडेस्वार. फ्रेंचमध्ये शेव्हालिये, तोही घोड्यावरूनच, शिव्हलरी आणि कॅव्हलरी ही त्याचीच भावंडं. एकट्या इंग्रजांनी घोडा सोडून दिला, त्यांचा नाईट जुन्या इंग्रजीत क्निख्तसारखा उच्चारायचे आणि अर्थ होता पोरगा, नोकर. जर्मनमध्ये तोच शब्द क्नेख्त अजून नोकर, गडी या अर्थानेच राहिलाय. तो सायलेंट के एकेकाळी बोलायचा, हे पोरांना सांगा म्हणजे स्पेलिंगमधून तो गाळणार नाहीत.

बुद्धिबळात तर मजाच आहे, आपला घोडा इंग्रजीत नाईट, इथे श्प्रिंगर, म्हणजे उड्या मारणारा. अवांतर : रिटर स्पोर्ट चॉकलेटचा या सगळ्याशी संबंध नाही, ते मालकाचं आडनाव.

पानगळ :

@मैनेकाठी, यात अजून एक जोडी आहे, ती वर्गात फार चालते. नेव्ह, तो के वालाच, पत्त्यांतला गुलाम. त्याचाही मूळ अर्थ पोरगा, जर्मन क्नाबे त्याचा भाऊ. म्हणजे दोन पोरगे निघाले, एक चढत चढत नाईट झाला आणि दुसरा घसरत घसरत लबाड माणूस झाला. व्हिलन तर बिचारा नुसता शेतावर राबणारा गावकरी होता, व्हिलेजमधला. गोष्टी लिहिणारे दरबारी, त्यांना गावातला माणूस गावंढळ वाटायचा, मग असभ्य, मग दुष्ट. जेंटल म्हणजे चांगल्या घराण्यातला, कर्टसी म्हणजे कोर्टातली रीत. कुणाच्या बाजूने भाषा लिहिली गेली ते शब्दांवरून दिसतं, आणि आपल्याकडे गावंढळ शब्दाचं काय झालं ते बघाच की.

शब्दवेडा_नाशिक :

मार्शल, कॉन्स्टेबल हेही घ्या ना. मार्शल मुळात घोड्यांकडे बघणारा नोकर आणि कॉन्स्टेबल म्हणजे तबेल्याचा प्रमुख. चौकीत सांगू नका फक्त. आणि फ्रीलान्स! ज्याचा भाला कुणा राजाच्या नावावर नाही तो भाड्याने लढणारा नाईट. मध्ययुगातला शब्द, आज लॅपटॉप घेऊन कॅफेत बसलाय. आपल्याकडे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावरचा बारगीर, तसंच काहीसं.

गढीवरचा :

शिलेदाराचं बरोबर, फ्रीलान्सचं तेवढं दुरुस्त करतो. भाडोत्री टोळ्या मध्ययुगात भरपूर होत्या, पण फ्री लान्स हा शब्दप्रयोग वॉल्टर स्कॉटच्या आयव्हॅन्हो कादंबरीने रूढ केला आणि ती आली १८१९ च्या डिसेंबरात. म्हणजे शब्द एकोणिसाव्या शतकातला, कपडे फक्त बाराव्या शतकातले. अशी बरीच गंमत या विषयात आहे. गॉन्टलेट फेकणं फ्रेंच हातमोज्यावरून आलं, पण रन द गॉन्टलेट, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार खात पळणं, त्याचा हातमोज्याशी काही संबंध नाही. तो स्वीडिश गाटलॉप, सैनिकांची शिक्षा होती ती, इंग्रजीत येता येता आवाज सारखा झाला. चेनमेलमधला (कड्यांच्या चिलखतातला) मेल म्हणजे जाळी आणि पोस्टाचा मेल म्हणजे पिशवी, हेही दोन वेगळे. ताई, पोरांना सांगायच्या आधी चांगल्या कोशात एकदा बघून घेत जा, व्हॉट्सअपवर शब्दांच्या जन्मकथा फार फिरतात.

त्याच कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात डुकरं राखणारा गुराखी आणि विदूषक बोलत असतात की जनावर राबणाऱ्यांच्या ताब्यात असेपर्यंत त्याचं नाव सॅक्सन, ऑक्स, काफ, स्वाइन, आणि ताटात गेलं की नॉर्मन फ्रेंच, बीफ, व्हील, पोर्क. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी सॅक्सनांचं इंग्लंड जिंकलं, त्यानंतर इंग्रजीचं काय झालं हे त्या दोन पानांत जेवढं कळतं तेवढं व्याकरणाच्या पुस्तकात नाही कळत.

सोलंटच्या_अलीकडे :

विंचेस्टरमध्ये ग्रेट हॉलच्या भिंतीवर ते गोल टेबल टांगलेलं आहे, आमच्यापासून जवळच, पाहुणे आले की दाखवायला नेतो. साडेपाच मीटर व्यासाचं ओकचं लाकूड, चोवीस नाइटांची नावं आणि राजा. आर्थरचं अर्थातच नव्हे, तेराव्या शतकातलं लाकूडकाम आहे आणि वरचा रंग आठव्या हेन्रीच्या काळातला. पण १४८५ साली छापखानावाल्या कॅक्स्टनने मॅलरीचं आर्थरवरचं पुस्तक छापलं तेव्हा प्रस्तावनेत पुरावा म्हणून हेच टेबल सांगितलं होतं. मॅलरी स्वतः ते लिहिताना कैदेत होता, त्यानेच तसं लिहून ठेवलंय. फोटो दाखवा पोरांना, उभं टांगल्यामुळे मोठ्या डार्टबोर्डसारखं दिसतं.

गोल टेबलावर एक खुर्ची रिकामी असते ना, सीज पेरिलस, लायक नसलेला बसला की मरतो. यातला सीज म्हणजे साधं आसन. वेढ्याचा सीज पण हाच! किल्ल्यापुढे तळ ठोकून बसणं.

चिऊचीआई :

सगळं वाचलं, छान आहे, पण माझी मुलगी सहावीत आहे आणि तिचा पहिला प्रश्न हा असेल की यात मुली काय करतात. डॅमझेल इन डिस्ट्रेस एवढंच ना? मनोऱ्यात बसायचं आणि रुमाल हलवायचा?

पानगळ :

नाही नाही, गारेथची गोष्ट बघा. हा राजघराण्यातला पोरगा नाव लपवून आर्थरच्या स्वयंपाकघरात वर्षभर राहतो. लिनेट नावाची मुलगी बहिणीच्या सुटकेसाठी मदत मागायला येते आणि तिच्याबरोबर हा भटारखान्यातला पोऱ्या पाठवतात. ती पूर्ण रस्ताभर त्याला सोलून काढते, तुझ्या अंगाला तेलकट वास येतोय, मागे चल म्हणते. तो एकामागून एक काळा, हिरवा, लाल नाईट हरवतो आणि हिचं तोंड चालूच. टॉन्ट, स्कॉर्न, डिसडेन, जीअर, टोमण्यांचे जेवढे प्रकार इंग्रजीत आहेत तेवढे सगळे त्या प्रवासात बसतात. मुली ते संवाद वाचायला भांडतील.

गढीवरचा :

आणि डेम रॅग्नेल! पंधराव्या शतकातली गोष्ट. आर्थरला एका वर्षात उत्तर आणायचंय, बायकांना सगळ्यात जास्त काय हवं असतं, नाहीतर जीव जाणार. उत्तर एका भयंकर कुरूप बाईला माहीत असतं आणि तिची अट अशी की गवेनने माझ्याशी लग्न करावं. उत्तर असतं सॉव्हरिन्टी, स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायचा हक्क. लग्नाच्या रात्री ती सुंदर होते आणि विचारते, दिवसा सुंदर राहू की रात्री? गवेन म्हणतो तूच ठरव. झालं, शाप संपला, दोन्ही वेळा सुंदर. हीच कथा चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीनेही सांगितलीय, वेगळ्या पात्रांवर. सॉव्हरिन शब्द पोरांनी संविधानाच्या उद्देशिकेत इंग्रजीत वाचलेला असतोच, सार्वभौम म्हणून पाठही असतो.

चिऊचीआई :

हे मी आज रात्रीच सांगणार. धन्स!!

शिकवणीवाली :

रॅग्नेल या शनिवारी नक्की. एक अडचण, मी हॉवर्ड पाइलचं १९०३ चं पुस्तक आणलं (प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर फुकट आहे), चित्रं अप्रतिम, पण भाषा मुद्दाम जुनी केलेली, दाऊ, दी, क्वोथ. मला वाचायला आवडतं, पोरांना झेपेना.

टाकाऊ_टिकाऊ :

पोरांच्या हातात नका देऊ, तुम्ही वाचा आणि सांगा. फक्त दाऊ म्हणजे तू आणि यू म्हणजे तुम्ही एवढं सांगून ठेवा. मराठी पोरांना ते एका मिनिटात कळतं, इंग्रज पोरांना तास लागत असेल. ऐकायचं असेल तर लिब्रिव्हॉक्सवर अशा जुन्या पुस्तकांचं वाचन फुकट मिळतं.

दुपारचा_चहा :

आमच्या मुंबईकरांचा सर राहिला की. जेजेमधला सर म्हणजे मास्तर नाही, सर जमशेटजी जीजीभॉय, १८४२ साली नाईट झालेले पहिले भारतीय. शाळेत प्रत्येक शिक्षकाला सर म्हणतो त्या हिशेबाने आपल्याकडे नाइटांची काही कमी नाही.

हिशेबनीस :

क्विक्सॉटिक, म्हणजे ध्येयवेडा पण अव्यवहारी. हा शब्द आमच्या यादीत दरवर्षी असतो आणि दरवर्षी पोरं अर्थ चुकवतात. डॉन किहोतेची गोष्ट (नाईटांच्या पोथ्या वाचून डोकं फिरलेला म्हातारा, पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावतो, पहिला भाग १६०५ चा) पाच मिनिटांत सांगता येईल का कुणाला? यादी सोडणार नाही मी, पण पाच मिनिटं देतो.

शिकवणीवाली :

हिशेबनीस, तुम्ही आत्ता कंसात सांगितलीत तीच पुरे आहे की 😀 तेवढंच वर्गात म्हणा आणि शेवटी सांगा की तो म्हातारा मनाने चांगला होता, म्हणजे पोरं मूर्ख आणि क्विक्सॉटिकमध्ये गल्लत करणार नाहीत.

आता माझा शेवटचा प्रश्न, लान्सलॉट हा नाईट आणि आर्थरची राणी यांचं प्रेमप्रकरण आठवीच्या पोरांना सांगायचं कसं? एकाने नाव ऐकलंय, रोज विचारतोय.

सोलंटच्या_अलीकडे :

मॅलरीकडेही ते फुटतं पुस्तकाच्या शेवटच्या भागातच. तुम्हीपण दहावीपर्यंत ढकला. विचारलंच तर बिट्रे आणि ट्रेझन हे दोन शब्द द्या आणि गृहपाठ वाढवा.